डोंगराखालच्या वाडीसाठी पैसा कुठून आणायचा, आणि तो आधी कशावर घालायचा

एका सरपंचताईंचा प्रश्न आहे. सह्याद्रीच्या उतारावर त्यांची ग्रुप ग्रामपंचायत आहे. खाली नदीकाठी मूळ गाव आणि बाजारपेठ, वर डोंगरात तीन वाड्या. त्या लिहितात: "२०२१ च्या जुलैत वरच्या वाडीशेजारचा डोंगर सरकला. माणसं वाचली. तेव्हापासून दर पावसाळ्यात तहसीलमधून स्थलांतराची नोटीस येते. जायचं कुठे आणि खर्च कोणी करायचा, ते त्यात नसतं. वित्त आयोगाचे पैसे थोडे, त्यातले निम्म्याहून जास्त बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच घालायचे. आपत्तीसाठी ग्रामपंचायतीला वेगळा निधी मिळतो का? आराखड्यात हे बसवायचं कसं? आणि यंदाचा रस्ता मागे ठेवून यावर पैसे घातले तर लोकांना काय सांगू?"

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. 'आपत्ती' या नावाने ग्रामपंचायतीच्या खात्यात दरवर्षी आपोआप जमा होणारा पैसा नाही. त्याची वाट बघत बसलात तर तुमची मुदत संपेल. पण पैसा आहे, आणि बराच आहे. तो वेगवेगळ्या खात्यांतून येतो. त्यातल्या मोठ्या रकमेपर्यंत पोचायचं तर गावाने स्वतःची छोटी रक्कम आधी योग्य ठिकाणी घालावी लागते. म्हणून माझा सल्ला असा: ग्रामपंचायतीने आपल्या लाख-दोन लाखांत डोंगराला भिंत बांधायला जाऊ नये. भिंत खरंच लागते का, कुठे लागते, की भिंतीऐवजी पाणी वळवायला हवं, हे कागदावर पक्कं करून घ्यायला ते पैसे वापरावेत. आणि रस्ता, मोरी, गटार ही जी कामं आपण एरवीही करणारच आहोत, ती धोका वाढवणार नाहीत अशी करावीत.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण बैठकीत तुम्हाला ते उपयोगी पडेल. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातलं कलम ३२ आणि कलम ४१ वाचून ठेवा. ३२ प्रमाणे जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी कार्यालयाने आणि स्थानिक संस्थेने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या देखरेखीखाली स्वतःचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा करायचा आहे. ४१ मध्ये स्थानिक संस्थेची कामं दिली आहेत: कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, साधनं वापरण्याजोगी ठेवणं, हद्दीतली बांधकामं ठरलेल्या मानकांप्रमाणे होतात की नाही हे पाहणं, मदत आणि पुनर्वसन. जबाबदारी अशी स्पष्ट आहे. पण घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे जे २९ विषय आहेत, त्यांत आपत्ती हा विषयच नाही. वित्त आयोगाचा अबंधित निधी या २९ विषयांवर खर्चायचा असतो. त्यामुळे गावाच्या विकास आराखड्यात 'आपत्ती निवारण कामे' असं मोघम लिहिलं की पंचायत समितीत शंका निघते आणि काम मागे पडतं. तेच काम 'रस्ते, मोऱ्या, पूल', 'मृदसंधारण', 'लघु पाटबंधारे' किंवा 'सामूहिक मालमत्तेची देखभाल' या विषयाखाली नेमकं लिहिलं तर पुढे सरकतं. यात काही लपवाछपवी नाही. दरडीचा आणि पुराचा धोका खरोखर याच कामांमधून कमी होतो किंवा वाढतो.

आता नियोजन. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बहुतेक गावं इथेच घाई करतात आणि थेट अंदाजपत्रकावर येतात.

माळीण, तळिये आणि इर्शाळवाडी ही तीन नावं तुम्हाला ठाऊक आहेतच. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये १५१ माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली आलं आणि ऐंशीहून अधिक जणांचा बळी गेला. त्याच पावसात महाबळेश्वरला एका दिवसात ६०० मिमीच्या जवळपास पाऊस झाला होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, ठाकरांची वस्ती, गेली. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती, हे विधिमंडळातही सांगितलं गेलं. यादी करणाऱ्यांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे फार उपयोगाचे आहेत, पण ते मोठ्या प्रदेशाचे असतात. तुमच्या वाडीमागच्या एका खोंगळीत काय चाललंय ते त्या प्रमाणावर दिसत नाही. ते तुम्हालाच बघावं लागतं.

म्हणून शिवारफेरी जुलैमध्ये काढा. आराखड्याची शिवारफेरी सहसा हिवाळ्यात होते. तेव्हा डोंगर कोरडा असतो आणि बघण्यासारखं फार थोडं उरतं. सलग चार-पाच दिवस पाऊस झाल्यावर उघडीप मिळाली की त्या दिवशी जा, उतारावर न चढता पायथ्याने आणि सुरक्षित कडेने. बरोबर गुराखी न्या, पाणी भरणाऱ्या बायका न्या, आणि ज्यांचं घर सगळ्यात वर आहे त्यांना न्या. बघायचं काय? उतारावर चंद्रकोरीच्या आकाराची भेग पडली आहे का. झाडं किंवा विजेचे खांब कलले आहेत का. भिंतीला तिरके तडे गेले आहेत का, एरवी नीट लागणारं दार अडकायला लागलं आहे का. झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाऊस चालू असूनही एखादा झरा किंवा पऱ्या एकाएकी आटला आहे का. वर कुठेतरी पाणी अडून जमिनीत तुंबत असेल तर असं होतं. आपल्याकडे बेसाल्टच्या कातळावर जांभा किंवा मुरमाड मातीचा थर असतो. पाणी मातीतून उतरतं, कातळाशी अडतं, आणि तिथे दाब वाढत गेला की वरचा सगळा थर सुटतो. दरड ही पाण्याची गोष्ट आहे, ताई. हे एकदा पटलं की पुढचे निम्मे निर्णय सोपे होतात.

हे सगळं गावाच्या नकाशावर रंगाने मांडा. घरांना क्रमांक द्या आणि प्रत्येक घरात कोण म्हातारं आहे, कोण आजारी आहे, कोण बाळंतीण होणार आहे याची नोंद ठेवा. धनगरवाडा किंवा कातकऱ्यांच्या झोपड्या असतील तर त्या आधी घ्या. त्यांची घरं बऱ्याचदा नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत, नसतात, आणि नमुन्यात नसलेलं घर पंचनाम्यातही गळतं. फोटो काढून, घराच्या क्रमांकासह ग्रामसभेपुढे ठेवून मंजूर करून घ्या. हा एक कागद पुढे घरपडीच्या मदतीच्या वेळी त्या कुटुंबासाठी फार मोलाचा ठरतो.

आता तुमच्या छोट्या पैशांकडे येऊ. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते मार्च २०२६ या काळात ग्रामीण स्थानिक संस्थांसाठी २,३६,८०५ कोटी रुपये ठेवले. त्यातला ६० टक्के भाग बंधित: अर्धा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पुनर्वापर यांसाठी, अर्धा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च मात्र करता येत नव्हता. महाराष्ट्रात या निधीचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला दिला गेला. पुढच्या आयोगाच्या काळासाठी प्रमाण आणि अटी काय आहेत, ते ताज्या परिपत्रकावरूनच ठरवा. ग्रामसेवकांकडून (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) ते परिपत्रक मागून घ्या. तोंडी माहितीवर जाऊ नका.

बंधित निधीचा उपयोग नाही असं समजू नका. नदीकाठची पाणीपुरवठ्याची विहीर पुरात बुडत असेल, तर तिचं बांधकाम उंच करणं, पंपघर आणि स्टार्टर वर हलवणं ही पिण्याच्या पाण्याचीच कामं आहेत. पूर ओसरल्यावर साथ पसरते ती बऱ्याचदा याच विहिरीच्या पाण्यामुळे. बाजारपेठेतलं सांडपाण्याचं गटार नीट उताराचं केलं तर ते स्वच्छतेतच बसतं, आणि पावसाचं पाणीही तुंबत नाही.

अबंधित निधीतून माझ्या मते आधी एक पर्जन्यमापक घ्या. साधं, हाताने मोजायचं भांडं, महाग नसतं. स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळाच्या पातळीवर आहेत, आणि डोंगरात पाच-सहा किलोमीटरवर पाऊस दुप्पट होतो. खाली ८० मिमी आणि वर २०० अशी परिस्थिती आपल्याकडे नेहमीची. शाळेतल्या गुरुजींना किंवा एखाद्या बारावी झालेल्या मुलीला मोजणीचं काम द्या. पावसात दिवसातून दोनदा मोजायचं आणि वहीत लिहायचं. दोन पावसाळ्यांची वही हातात आली की 'वाडीवर एवढा पाऊस सलग झाला की खाली उतरायचं' हा आकडा ग्रामसभेत ठरवता येतो. तोवर हवामान खात्याच्या वर्गवारीचा आधार घ्या: २४ तासांत ११५ मिमीच्या वर अति जोरदार, २०४ च्या वर अत्यंत जोरदार. पण केवळ एका दिवसाचा आकडा बघू नका. आधीच्या चार दिवसांत किती मुरलंय हे तितकंच महत्त्वाचं.

दुसरा खर्च पायवाटेवर. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. बचावपथकं चालत वर गेली, यंत्रं वर नेता आली नाहीत, ढिगारा हाताने उपसावा लागला. तळियेकडे जाणारे रस्ते पुराने आणि दरडींनी बंद होते, मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. माळीणला काय झालं ते बाहेर कळलं एसटीच्या चालकामुळे, त्याला नेहमीच्या ठिकाणी गाव दिसलं नाही तेव्हा. पहिले कित्येक तास गावच गावासाठी असतं, हे गृहीत धरून आराखडा करा. वाडीतून खाली येणारी वाट रात्री, पावसात, म्हातारं माणूस पाठीवर घेऊन उतरता येईल अशी आहे का? मध्ये पऱ्या लागतो त्यावर साकव आहे का, आणि पऱ्याला लोंढा आला तर तो टिकेल का? साकवाला जिल्हा वार्षिक योजनेतून पैसे मिळतात. तुम्ही ठराव, जागेची खात्री आणि शाखा अभियंत्यांची पाहणी एवढं तयार ठेवा. रात्री उतरण्याच्या वाटेवर सौर दिवे मात्र स्वतः लावा, ते ग्रामपंचायतीच्या आवाक्यात आहे.

तिसरा खर्च निवाऱ्यावर. नोटीस येते पण जायचं कुठे हे नसतं, असं तुम्ही लिहिलंत, तो मुद्दा बरोबर आहे. लोक शाळेत जायला तयार नसतात त्याची कारणं अगदी घरगुती आहेत. शाळेत चूल मांडता येत नाही, संडास दोनच, गुरं ठेवायला जागा नाही, आणि घरात मागे राहिलेलं भात चोरीला जाण्याची धास्ती. एका गावात पावसाळ्यापुरती गुरांची पत्र्याची शेड निवाऱ्याशेजारी उभी केली, आणि जी कुटुंबं वर्षानुवर्षं हलत नव्हती ती पहिल्या इशाऱ्याला खाली आली. त्यामुळे निवारा म्हणजे गुरांची जागा, बायकांसाठी वेगळे संडास, पाण्याची टाकी, स्वयंपाकाची पडवी आणि रात्री वाडीवर फिरायला दोन तरुण. गावात मोकळी जागा नसेल आणि वनजमीन असेल तर वनहक्क कायद्याचं कलम ३(२) बघा. त्यात समाजमंदिर, रस्ता, पाण्याची टाकी अशा ठरावीक सुविधांसाठी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळती करता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडली जाणार नाहीत ही अट आहे आणि ग्रामसभेची शिफारस लागते. समाजमंदिर आणि निवारा एकच इमारत असू शकते.

आता नेहमीच्या कामांविषयी. डोंगराच्या पायथ्याशी रस्ता रुंद करताना उतार उभा कापतात. पायथा कापला की वरच्या मातीचा आधार जातो. अशा जागी कापलेल्या बाजूला पाझर काढणारी गॅबियन भिंत (तारेच्या जाळीत दगड भरून रचलेली) आणि आतल्या बाजूचं गटार अंदाजपत्रकात नसेल, तर ते काम मंजूर करू नका, परत पाठवा. मोरीचा पाइप ठरवताना 'नेहमीचा टाका' हे उत्तर घेऊ नका. वरचं पाणलोट किती आणि झाडोऱ्यासकट लोंढा आला तर तो पाइप तुंबेल का, हे अभियंत्यांना विचारा. तुंबलेली मोरी म्हणजे रस्त्याचा बंधारा होतो, आणि फुटला की खालच्या घरांवर जातो. गटाराचं तोंड कुठे सोडलंय ते प्रत्यक्ष जाऊन बघा. वाडीचं गटार उताराच्या भुसभुशीत कडेवर सोडलेलं मी फार ठिकाणी पाहिलं आहे.

आणि एक गोष्ट जरा आग्रहाने सांगतो. वाडीच्या वरच्या उतारावर सलग समतल चर खोदू नका. जलसंधारणाच्या कामांत ते सर्रास सुचवले जातात, आणि पठारावर, कमी उतारावर, कमी पावसाच्या भागात ते उत्तम आहेत. पण चराचं कामच मुळी पाणी अडवून जमिनीत मुरवणं हे आहे. आधीच भेग पडलेल्या, दोन-तीन हजार मिमी पावसाच्या उतारावर पाणी मुरवणं म्हणजे दरडीला बळ देणं. तिथे उलटं हवं: उताराच्या डोक्याशी वळणचर, जो पाणी बाजूच्या पक्क्या पऱ्यात नेऊन सोडेल, आणि भेगा मातीने बुजवून वरून पाणी शिरणार नाही अशी व्यवस्था. रोजगार हमीतून हे काम होऊ शकतं. तिथले नियम सध्या बदलत आहेत, म्हणून कामांची चालू यादी पंचायत समितीत बघून घ्या.

आता मोठा पैसा. पंधराव्या आयोगाने पाच वर्षांसाठी राज्यांचा आपत्तीविषयक एकूण निधी १,६०,१५३ कोटी ठरवला. महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५. या एकूण रकमेचे ४० टक्के तातडीच्या मदतीसाठी, ३० टक्के पुनर्बांधणीसाठी, १० टक्के तयारी आणि प्रशिक्षणासाठी, आणि २० टक्के, म्हणजे ३२,०३१ कोटी, सौम्यीकरणासाठी. सौम्यीकरण म्हणजे संकट येण्याआधी धोका कमी करणं. कायद्यात अशा निधीची तरतूद २००५ पासून होती. प्रत्यक्षात त्यासाठी वेगळा वाटा पहिल्यांदा या आयोगाने दिला. केंद्राच्या पातळीवरही असा निधी आहे. त्यातून नोव्हेंबर २०२४ मध्ये १५ राज्यांच्या दरडविषयक प्रकल्पाला १,००० कोटींची मंजुरी मिळाली, त्यात महाराष्ट्राचा वाटा १०० कोटींचा.

या पैशासाठी ग्रामपंचायत थेट अर्ज करत नाही. प्रस्ताव तहसीलमार्फत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असतात. तिथून तो मदत व पुनर्वसन विभागाकडे जातो. जिल्ह्याकडे एकाच वेळी अनेक गावांची मागणी असते, आणि बहुतेक मागण्या एका पानाच्या असतात: 'संरक्षक भिंत बांधून मिळावी.' अशा पत्रावर निर्णय घेणंच कठीण असतं, कारण किती लांब, किती उंच, कोणाच्या जमिनीत, कशाला, काहीच नसतं. तुमच्या प्रस्तावात भूवैज्ञानिकाचा पाहणी अहवाल असू द्या. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला विनंती करता येते, जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागाचीही मदत घेता येते. नकाशा आणि घरांची यादी आहेच. पावसाची वही जोडा, भेगांचे तारखेसह फोटो जोडा. जमीन कोणाची ते सातबारासकट, आणि खाजगी असेल तर मालकाचं संमतिपत्र. ठराव, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यतेचा कागद. या पाहणीचा, मोजणीचा आणि अंदाजपत्रकाचा खर्च ग्रामपंचायतीने स्वनिधीतून करावा. मघाशी जी छोटी रक्कम म्हणालो ती हीच. मार्च जवळ आला आणि जिल्ह्याला शिल्लक रक्कम मार्गी लावायची असली की ज्यांचे कागद पूर्ण असतात त्यांचं काम आधी निघतं.

काय मागायचं यातही विवेक हवा. समुद्रभिंती, मोठे पूरसंरक्षक बांध यांसारखी प्रचंड कामं या निधीतून न करता नियमित विकास योजनांतून करावीत, अशी आयोगाची स्वतःचीच भूमिका होती. म्हणून उताराचा निचरा, वळणचर, छोट्या गॅबियन भिंती, बांबू आणि स्थानिक झाडांची लागवड, इशारायंत्रणा, निवारा अशी वाडीच्या मापाची कामं मागा. छोट्या पुरवणी कामांसाठी २५१५ चं लेखाशीर्ष, म्हणजे गावातल्या मूलभूत सुविधांसाठीचं राज्याचं खातं, आहे, आमदार निधी आहे. आमदारांकडे जातानाही कागदांची हीच फाइल घेऊन जा.

पुनर्वसनाचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो तुमच्या दारात येणार आहे. वरची वाडी कायमची हलवावी लागेल असं अहवालात आलं, तर पैसा ही दुय्यम अडचण ठरेल. जमीन ही पहिली. तळियेची घरं म्हाडाने बांधली, इर्शाळवाडीची चौक येथे सिडकोने. दोन्ही ठिकाणी लोकांना दीर्घ काळ कंटेनरच्या घरांत काढावा लागला. नव्या माळीणमध्येही पहिल्याच पावसाळ्यात भराव आणि रस्ते खचल्याच्या तक्रारी आल्या. त्यामुळे जागा निवडतानाही भूवैज्ञानिकाचा शब्द आधी घ्या, सपाटीकरण करून तयार केलेल्या भरावावर घरं नकोत. गावठाण विस्ताराचा प्रस्ताव आत्ताच, डोंगर शांत असताना सुरू करा. आणि शेत वर, घर खाली अशी विभागणी लोकांना कितपत परवडेल ते त्यांच्याशीच बोला. नवं घर शेतापासून फार लांब गेलं तर लोक पावसाळ्यात, म्हणजे नेमक्या धोक्याच्या महिन्यांत, लावणीसाठी जुन्या घरात परततात.

बाजारपेठेच्या पुराबद्दल थोडंच सांगतो. नदीची पूररेषा आखली असेल तर जलसंपदा विभागाकडून नकाशा मागवा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला ना-हरकत देऊ नका, कोणीही कितीही जवळचा असला तरी. आखणी झाली नसेल तर २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं ते जुन्या माणसांना विचारून बाजारातल्या खांबांवर रंगाने मारा. व्यापारी त्या खुणेच्या वर फळ्या ठोकतील. चिपळूणच्या लोकांनी २०२१ नंतर आंदोलन करून वाशिष्ठीतला गाळ काढण्याचा प्रश्न लावून धरला. तुमच्या नदीत गाळ साचला असेल तर तीही मागणी करा, मात्र काढलेला गाळ पुन्हा काठावरच टाकला जाणार नाही हे कामाच्या अटींत लिहून घ्या.

केरळकडेही बघण्यासारखं आहे. २०१८ च्या महापुरानंतर तिथल्या ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी मोहीम काढून स्वतःचे आपत्ती व्यवस्थापन आराखडे केले आणि ते नेहमीच्या विकास आराखड्याला जोडले. त्यांना एका गोष्टीचा फायदा होता, तिथे राज्याच्या योजनेतला मोठा वाटा स्थानिक संस्थांकडे थेट जातो. आपल्याकडे तो तेवढा जात नाही, म्हणून आपल्याला जिल्ह्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात. पण आराखडा विकास आराखड्यात मिसळण्याची त्यांची रीत आपल्यालाही जमण्यासारखी आहे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने मार्च २०२२ मध्ये काढलेल्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यातही गावपातळीवरच्या आराखड्यांचा आग्रह आहे, पंचायत समितीत त्याचा संदर्भ द्या.

वेळेचं गणित पाळा. जुलैत फेरी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नकाशा आणि यादी, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत कामं नावानिशी आराखड्यात, हिवाळ्यात पाहणी आणि तांत्रिक मान्यता, मेअखेर काम पूर्ण. वळणचर जूनमध्ये अर्धवट राहिला तर तो न खोदलेलाच बरा. उघड्या खड्ड्यात पाणी थेट उतरतं. आणि निवडणुकीची आचारसंहिता कधी लागू शकते याचा अंदाज घेऊन मान्यतांची कामं आधी उरका.

संकट आलंच तर पहिल्या दिवसापासून नोंद ठेवा. मृताच्या वारसाला ४ लाख रुपये, पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० असे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राचे निकष होते, राज्य त्यात भर घालू शकतं. ही मदत व्यक्तीला मिळते. वाहून गेलेली मोरी, साकव, पाणीयोजना यांची यादी ग्रामपंचायतीने वेगळी, मोजमापांसह द्यायची असते. ती बऱ्याचदा दिलीच जात नाही, आणि गाव पुढची तीन वर्षं त्याच मोरीसाठी हेलपाटे घालतं. दुरुस्ती मागताना जुन्याच मापाची मोरी मागू नका. ज्या मापाची वाहून गेली, त्याहून मोठी का हवी हे लोंढ्याच्या फोटोसह लिहा.

आता रस्त्याचं. लोक नाराज होतील ही भीती खरी आहे, कारण रस्ता दिसतो आणि न आलेली दरड दिसत नाही. माझा सल्ला, रस्ता पूर्ण मागे ठेवू नका. त्याची लांबी यंदा कमी करा आणि वाडीकडच्या टप्प्यात गटार, गॅबियन आणि नीट मापाची मोरी घाला. मग त्या एकाच कामात रस्ताही येतो आणि वाडीचं संरक्षणही. ग्रामसभेत हा निर्णय तुम्ही एकट्याने मांडू नका. ज्या बाईच्या घरामागे भेग आहे तिला नकाशावर ती दाखवू द्या, पावसाची वही मोजणाऱ्या मुलीला वाचू द्या, आणि मग खालच्या गावाला विचारा की रस्त्याचे उरलेले मीटर पुढच्या वर्षी घेतले तर चालेल का. ठरावात कामाचा क्रम, पुढच्या वर्षीची रस्त्याची लांबी आणि खर्च लिहून घ्या, म्हणजे खालच्या लोकांनाही शब्द मिळतो. विरोध झाला तर तोही इतिवृत्तात नोंदवा. आणि ठरावाची प्रत, नकाशा आणि घरांची यादी त्याच आठवड्यात तहसील, पंचायत समिती आणि जिल्हा प्राधिकरणाकडे पोचवून पोच घ्या.